माणक्याला सांगितलेली गोष्ट

"माणक्या, दुसऱ्याच्या पाटाचं पाणी आपल्या गव्हात घुसलं, तर त्या दुसऱ्यानं काय करायचं असतंय रं?"

आबा हे बैलाला विचारत होते. माणक्या बांधाकडेला कडबा चघळत उभा होता, त्यानं कानसुद्धा हलवला नाही. बांधापलीकडं विहिरीवर तात्या डिझेल इंजनात तेल ओतत होते. मान वर न करता त्यांनी इंजनाला सांगितलं, "ज्याचा बांध उंदरांनी पोखरलाय त्यानं आधी बांध लिंपायचा असतोय. मग पाण्याला नावं ठेवायची."

"हे कुणाशी बोलतायत?" मेधाताईंनी मला हळूच विचारलं.

"एकमेकांशी," मी म्हटलं.

त्या हसायला लागल्या. मीही हसले. तेव्हा हसायलाच यायचं हो! मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटलं होतं की सासऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. आबा माझे सासरे आणि तात्या, म्हणजे आबांचा दौल्या, त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. एका ताटात जेवलेले. वाटणी झाली त्या दिवसापासून दोघांत अबोला. पण शेताला शेत लागून, मध्ये फक्त एक बांध, बोलल्याशिवाय चालणार कसं? म्हणून आबा बैलाशी बोलायचे. तात्यांनी बैल विकून टाकले होते, ते इंजनाशी बोलायचे. इंजन बंद असलं तरी बोलायचे. गावातली रिकामटेकडी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या बांधावरनं जायची, फुकटचा तमाशा बघायला. कारण बैलाला सांगितलेलं एक वाक्य कधी सरळ नसायचं. टोमणा, टोचणी, जुनं उकरून काढणं, दुसरं काही नाही.

आणि भांडण तरी कशावरनं? जमीन निम्मी झाली, विहीर निम्मी झाली, भांडीसुद्धा मोजून निम्मी झाली. एक गोष्ट निम्मी होईना, ती म्हणजे सिदोबाचं माप.

आमच्या हिंगणवडीत सिदोबाच्या जत्रेला खपली गव्हाची खीर असते. गावाची मोठी कढई नंतर चढते. आधी एक लहान हंडी शिजते, ती मानकऱ्याच्या नव्या गव्हाची. मानकरी पितळी मापात गहू भरून, मापाला हार घालून देवळात नेतो. त्याची बायको दिवसभर निर्जळी उपास धरते आणि देवाला निवद दाखवला की हंडीतली पहिली वाटी तिनं खायची. उष्टं टाकायचं नाही, वाटी पुसून खायची. मग पाच सवाष्णी. हा मान आमच्या घराण्याचा. वाटणीच्या वेळी तात्या म्हणाले होते, "एक साल तू ने, एक साल मी नेतो." आबा म्हणाले, "मान थोरल्याचा. तो काय कुळवाचा दांडा हाय व्हय आळीपाळीनं धरायला?" झालं, तेवढ्यावरनं तोंडं फिरली ती फिरली. माझ्या सासूबाई वारल्यावर उपास माझ्याकडं आला. पण मापाला हात आबांचाच लागायचा.

मेधाताई सबनीस शेतकी कॉलेजातून आल्या होत्या. पाऊस, दंव, ऊन यांच्यावरून कुठल्या रानातल्या गव्हात बुरशीचं विष होणार हे कापणीआधीच सांगता येईल का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी नदीकाठच्या खोलगटातलं रान पाहिजे होतं. गावात कुणी जागा देईना, आबांनी दिली. चार पायांवर उभी पांढरी झडपांची पेटी, आत दोन तापमापक, एकाच्या बुडाला ओली वात. गाव तिला कबुतरखाना म्हणायचं. पण आबा त्या पेटीला जिवापाड जपायचे. पोरं जवळ गेली तर खेकसायचे, आणि मेधाताई आल्या की "लेकी, तुझी पेटी बघ, गुण्यागोविंदानं हाय," म्हणायचे. सकाळचे आकडे मी टिपून ठेवायची. मला मोठी मौज वाटायची त्यात.

पहिल्या साली मेधाताई म्हणाल्या, यंदा भीती नाही. गहू तपासला, खरंच स्वच्छ निघाला. दुसऱ्या साली मात्र गहू ऐन फुलोऱ्यात आला आणि आभाळ भरलं. मोठा पाऊस नव्हे, नुसती झिमझिम, मग धुकं, मग ऊबट ढगाळ दिवस. सकाळी रानात शिरलं की पातळ गुडघ्यापर्यंत भिजायचं आणि दुपार टळली तरी ओंब्या वाळायच्या नाहीत. माळावरच्या रानांना वारं लागत होतं, ती सुकली. आमचं आणि तात्यांचं रान खाली नदीच्या कुशीत, तिथं दमटपणा हलेना.

गहू पिकायला लागला तशा मेधाताई आल्या. रानभर हिंडल्या. मग एक ओंबी आबांच्या हातात ठेवली. अर्धी हिरवी, अर्धी अकाली पांढरी, आणि पेरापाशी किंचित गुलाबी झाक. अशा ओंब्या काही फार नव्हत्या.

"आबा, हा गहू खाऊ नका. जनावरालाही घालू नका."

"दाणा तर भरतोय की झक्कास."

"भरेल. बुरशी मळणीत झडून जाईल, दिसणारसुद्धा नाही. तिनं सोडलेलं विष मात्र दाण्यात राहतं. ते शिजवून जात नाही, भाजूनही जात नाही."

"नक्की?"

मेधाताई खरं बोलणाऱ्या बाई. "नक्की नाही. माझा हा अंदाज आहे, हवेवरून बांधलेला. मळणी झाली की नमुना लांबच्या प्रयोगशाळेत पाठवते, पण त्यांचं उत्तर यायच्या आत तुमची जत्रा होऊन जाईल."

"आन खाल्ला तर?"

"उलट्या, जुलाब. धडधाकट माणूस चार दिवसांत उठून बसेल. पण म्हातारं, आजारी, अशक्त माणूस असेल तर मी काही सांगू शकत नाही."

आबांनी बांधापलीकडं बघितलं. तिकडचा गहू वाऱ्यावर डुलत होता. तात्यांची बायको हौसाकाकी खळ्याची जागा सारवत होती. आदल्या साली काविळीतून उठली होती ती, पार चिपाड झालेली. "आन त्येचा?" आबांनी विचारलं.

"हवा तीच, खोलगट तोच. मध्ये फक्त बांध आहे, आबा."

ओंबी आबांनी खिशात ठेवली.

मळणी झाली. दाणा खरोखर देखणा, हातात घेतला की सोडवू नये असा. मला मनातनं वाटलं, आबा ऐकतात कसले! पण जत्रेच्या बैठकीला आबा गेले आणि म्हणाले, "यंदा माझं माप न्हाई. घरात अडचण हाय." बैठकीत कुजबुज झाली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मग पंचांनी रीतीप्रमाणं ठरवलं, थोरला नाही तर धाकला. मान तात्यांकडं गेला. तात्या उठून उभे राहिले, सगळ्यांच्या पाया पडले, आबांना सोडून.

घरी आल्यावर मी आबांना सरळ विचारलं. माझी जीभ तशी तिखट, नवऱ्यालाही ठाऊक होतं. "अडचण कसली सांगितलीत? गव्हाचं का नाही सांगितलं?"

"दौल्याच्या पुढ्यात माझा गहू वाईट म्हणू?"

"अहो, पण आता ते त्यांचा नेतील! आणि पहिली वाटी काकीच्या पोटात जाणार."

आबा पानाला चुना लावत बसले. पान तोंडात काही गेलं नाही, हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मेधाताई स्वतः तात्यांच्या घरी गेल्या. तात्यांनी त्यांना मानानं बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "रिपोर्ट आलाय का?"

"नाही. अंदाज आहे."

"दादानं पाठवलंय का तुमास्नी?"

"नाही, मी माझी आले."

"मग दादाचं काय म्हणणं हाय?"

मेधाताई म्हणाल्या, "ते तुम्ही त्यांनाच विचारा ना." तात्या नुसते हसले आणि आणखी चहा घ्यायचा आग्रह केला. पंचांकडंही गेल्या त्या. तिथंही तेच ऐकलं, अंदाजावर देवाचा मान थांबवतात होय बाई?

हे सगळं त्या आबांना सांगायला आल्या. ओसरीवर उभ्या राहूनच म्हणाल्या, "आबा, माझं कुणी ऐकणार नाही. तुम्ही बोललात तर ते ऐकतील. मला त्यांच्या तोंडावर दिसलं ते."

"मी काकीला सांगून येऊ का?" मी विचारलं.

"तू न्हाई जायचं." आबा एकदम ताठ झाले. "हे सुनांनी सांगायचं काम न्हवं. मी सांगतो."

सकाळी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला, आणि माणक्याला घेऊन रानात निघाले. मी मागनं भाकरीची पाटी घेऊन. खरं सांगते, मला पाटीचं ओझंसुद्धा जाणवत नव्हतं. आज दोघं भाऊ बोलणार! काकीला किती आनंद होईल, तिनं माझ्या नवऱ्याला मांडीवर खेळवलेला, सणाला पुरणपोळी चोरून पाठवायची ती.

तात्या खळ्यावर पोती शिवत होते. बांधापासून हाकेच्या अंतरावर म्हणायचीही गरज नाही, खाकरलं तरी ऐकू येईल इतके जवळ. आबा थेट बांधावर चढले. तात्यांनी वर बघितलं. दाभण हातात तसंच राहिलं. आबांचं तोंड उघडलं. मी बघत होते, ओठ हलले. 'द' म्हणायला जीभ दाताला लागली असेल.

आणि आबा वळले. माणक्याच्या मानेवर हात ठेवला.

"माणक्या, यंदाचा गहू पोटात घालायचा न्हाई बरं का. देवाला बी न्हाई, घरच्यास्नी बी न्हाई. ह्या खोलगटातल्या गव्हात इख हाय."

तात्यांनी दाभण पोत्यात खुपसलं आणि विहिरीकडं तोंड करून बंद इंजनाला म्हणाले, "आयकलंस का रं? मान हिकडं आला तसं लोकांना माझ्या गव्हात इख दिसाय लागलं!"

आबांचं तोंड लाल झालं. ते बांधावरनं उतरले.

"आबा, नावानं हाक मारून सांगा की!" मी जवळजवळ ओरडलेच.

"सांगितलं. त्येच्या कानावर गेलं. आता त्येचा त्यो बघंल."

"असं नव्हे हो..."

"शालन! एकदा सांगितलं न्हवं?"

आणि गेले पेटीकडं. पेटीची झडप नीट लागलीय की नाही ते बघत उभे राहिले. ती लागलेलीच होती. मला वाटत होतं, राग निवळला की परत जातील. जत्रेला अजून अवकाश होता. रोज सकाळी मी त्यांच्या पायांकडं बघायची, आज बांधाकडं वळतात का म्हणून. रोज ते वाट बदलून दुसरीकडनं जायचे.

जत्रेच्या दिवशी हौसाकाकी हिरवं लुगडं नेसली होती. कपाळ भरून कुंकू, गळ्यात आमच्या सासूबाईंच्या बरोबरीनं घडवलेली बोरमाळ. इतकी गोड दिसत होती! तात्यांनी माप डोक्यावर घेतलं होतं आणि डोळे पुसत चालले होते. हंडी शिजली. गुळाचा आणि खोबऱ्याचा वास देवळाबाहेर पसरला. आबा दारातल्या खांबापाशी उभे. मी त्यांच्याकडं बघत होते, ते हंडीकडं.

निवद दाखवून झाला. पुजाऱ्यानं वाटी भरली. मला राहवेना, मी बायांतून वाट काढत काकीपाशी गेले आणि कानात म्हटलं, "काकी, नुसती ओठाला लावा. हा गहू चांगला नाही म्हणतात त्या मेधाताई. माझं ऐका."

काकीनं माझ्या गालावर हात फिरवला. "इतक्या वर्सांनी मान घरात आलाय, पोरी. तुज्या तात्यांचं तोंड बघ की जरा. आज नको."

मी खांबाकडं बघितलं. आबा एक पाऊल पुढं आले होते. हात वर गेला होता. तेवढ्यात ढोल वाजला, "सिदोबाच्या नावानं चांगभलं" झालं, आणि काकीनं वाटी तोंडाला लावली. तिनं ती बोटानं पुसून खाल्ली, अगदी रीतीप्रमाणं. आबांचा हात खाली आला.

दिवस मावळायच्या आत उलट्या सुरू झाल्या. पाच सवाष्णींपैकी दोघींनी रांगोळीजवळच भडाभडा ओकलं. मोठी कढई, जिच्यात हंडीतली उरलेली खीर मिसळतात, अजून चढायची होती, ती लोकांनी घाबरून चढवलीच नाही, म्हणून बाकी गाव वाचलं. त्या बाया धडधाकट होत्या, दोन दिवस तळमळून उठल्या. काकीच्या अंगात काही उरलंच नव्हतं. दिवसभराचा कोरडा उपास, वर ती वाटी. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिचे डोळे आत गेले होते. सलाईन लावलं, डॉक्टरांनी शिकस्त केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मी तिथंच होते. दवाखान्याच्या ओवरीत एक लांब बाकडं होतं. त्याच्या एका टोकाला तात्या बसलेले, दुसऱ्या टोकाला आबा येऊन टेकले. मध्ये मोकळी जागा. कुणी रडत नव्हतं. मला वाटलं, आता इथं ना बैल आहे ना इंजन, काय करतील हे?

तात्याच बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तोंडाकडं बघून.

"दादा, तुला ठावं होतं."

"मी सांगितलं होतं तुला." आबांचा आवाज ओळखू येईना. "बांधावर. तू आयकलंस."

"आयकलं की. शब्दन् शब्द आयकलं. पर ते तू बैलाला सांगितलंस, दादा. बैलाला तू आजवर मला खुपंल तेच सांगत आलास. मला कसं कळावं, ह्या खेपेला खरं हाय म्हणून?" तात्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "नुस्तं दौल्या म्हणला असतास तरी ती रास मी नदीत वतली असती."

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतल्या खोलीतनं नर्स कागदावर सही घ्यायला बाहेर आली.

प्रयोगशाळेचं उत्तर काकीच्या तेराव्यानंतर आलं. मेधाताईंनी सांगितलं होतं तसंच निघालं, दोन्ही रानांचं. त्या आमच्या ओसरीवर बसून हमसाहमशी रडल्या. "माझा अंदाज चुकला असता तर किती बरं झालं असतं," म्हणाल्या. मी त्यांना पाणी दिलं, माझेही डोळे वाहत होते. एवढी हुशार, एवढी खरी बाई. आभाळाचं तिला कळलं होतं, आमच्या घरातलं तिला कोण शिकवणार!

आबा उठले. पायात वहाणाही घातल्या नाहीत. रानाकडं चालले तशी मी मागं निघाले. माणक्या गोठ्यात दावणीला होता, त्याच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बांधावर चढले, आणि वाटणीपासून पहिल्यांदा बांध ओलांडून पलीकडं उतरले. तात्या विहिरीवर होते. इंजन चालू होतं, धडधडत होतं.

"दौल्या," आबांनी हाक मारली.

तात्यांनी इंजन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं.

"दौल्या, आरं माझं चुकलं. माझ्याकडं बघ की एकदा."

तात्यांनी वळून बघितलं नाही. इंजनाच्या तापलेल्या टाकीवर हात ठेवून त्याला म्हणाले, "सांग त्यास्नी, हितं आता कुनी ऱ्हात न्हाई."

आणि पुन्हा इंजन चालू केलं. आबा बराच वेळ तिथं उभे होते. मग मी जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना घरी आणलं.